गेंटची मूळ प्रत

व्हिडिओ कॅसेटच्या डाव्या खिडकीतून गुंडाळलेल्या फितीची कडा दिसते. गुंडाळी नीट बसली असेल तर ती काळ्या पाटीसारखी सपाट दिसते. एखादा पदर वर आला असेल तर तिथे केसाइतकी बारीक रेघ उमटते. मी कॅसेट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, भिंग लावलं आणि कडेवरून नजरेने एक पूर्ण फेरी मारली. रेघ एकच होती. पांढरा ठिपका एकही नव्हता.

"स्वच्छ आहे?" समोरच्या स्टुलावरून नाबर सरांनी विचारलं.

"स्वच्छ आहे, सर."

"असणारच. थंड देशातून आली आहे. आमच्या सावंतवाडीत चार महिन्यांत माणसालासुद्धा बुरशी धरते." आपल्याच विनोदावर ते हसले आणि त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. "नेवऱ्या आहेत. तुमच्याकडे करंज्या म्हणतात. आधी खा, मग भिंग लावा."

२००२ सालच्या दिवाळीची सुट्टी चालू होती. सांगलीच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी एकटीच होते, कारण जिवाणूंना दिवाळी नसते. त्यांना दर दोन दिवसांनी नव्या खाद्यावर हलवावं लागतं. सर काहीही न कळवता त्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले, कोल्हापूरला गाडी बदलली आणि दुपारी दीडला प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. आमची ओळख आठ वर्षांची होती, पण भेट ही पहिलीच. तोपर्यंत मी त्यांचं फक्त अक्षर ओळखत होते.

ओळख कशी झाली, ते सांगायला हवं. कॉपर लँटर्न नावाचा एक इंग्रजी बँड होता. सत्तरच्या दशकात गाजला, ब्याऐंशीत फुटला. मी हॉस्टेलवर असताना तो ऐकायला लागले, आणि नोकरी लागल्यावर त्यांच्या कार्यक्रमांची चित्रणं जमवायला लागले. अधिकृत चित्रणं दोनच निघाली होती. बाकी जे होतं ते कुणीतरी बाल्कनीतून चोरून घेतलेलं, हललेलं, मधेच कुणाच्या तरी डोक्याने झाकलेलं. ते दुकानात मिळत नसे. ज्याच्याकडे असे तो दुसऱ्याला उतरवून देई, आणि बदल्यात दुसरं काहीतरी घेई. विकायचं नाही, हा पहिला नियम.

महाराष्ट्रात असे वेडे आम्ही आठ जण होतो. वसईचा ऑल्विन डिमेलो, ज्याची व्हिडिओ लायब्ररी होती, तो आमचा म्होरक्या. तो 'वेल' चालवायचा. परदेशातून एखादी चांगली प्रत आली की ती यादीतल्या पहिल्याकडे जायची. त्याने स्वतःसाठी एक उतरवून घ्यायची आणि मूळ प्रत सात दिवसांत, रजिस्टर टपालाने, पुढच्याकडे पाठवायची. प्रतीवरून प्रत काढली की चित्र दर वेळी पुसट होत जातं, म्हणून प्रत्येकाला मुळावरूनच मिळावी, यासाठी हा खटाटोप. वेल कुणापाशी थांबता कामा नये, हा दुसरा नियम. ज्याच्यापाशी थांबेल त्याचं नाव यादीतून कायमचं जाई.

दत्तप्रसाद नाबर यादीत माझ्या आधी होते. सावंतवाडीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक कॅसेटच्या कण्यावर एक चिमुकला निळा कंदील रंगवलेला असे, हाताने, एका केसाच्या ब्रशने. आम्हा आठही जणांच्या कपाटात ते कंदील होते.

सप्टेंबर १९९९मध्ये गेंटची कॅसेट वेलीवर निघाली. बेल्जियममधलं गेंट, १९८१, बँडचा शेवटून तिसरा कार्यक्रम. ऑल्विनने उतरवून घेऊन ती सरांना पाठवली. सरांनंतर वेल पुढे सरकली नाही. सर म्हणाले, टाकली. ऑल्विनने पावती मागितली. सर म्हणाले, शनिवार होता, रजिस्टरची खिडकी बंद झाली होती, सोमवारी गणपती. सात दिवस उलटतील म्हणून साध्या टपालाने टाकली. ऑल्विनने मला फोन केला. मी म्हणाले, "नाही पोचली." सरांचं नाव यादीतून गेलं.

ती पोचली होती.

सोळा सप्टेंबरला, गुरुवारी, ती माझ्या हातात आली. डाव्या खिडकीतून मला कडेवर एक पांढरा ठिपका दिसला. दोन मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी तीन. बुरशी हा माझा विषय आहे. अशी कॅसेट यंत्रात घातली तर बुरशी यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. यादीतल्या सगळ्यांना तसं पत्र मीच पाठवलं होतं. सरांना कळवावं, तर त्यांना अपराधी वाटेल. त्यापेक्षा आपणच गुपचूप बरी करून पुढे पाठवावी, असं मी ठरवलं. पंचेचाळीस अंशांवर आठ तास कोरडी करायची आणि मऊ ब्रशने झाडायची. विभागात गरम हवेची भट्टी होती. तिच्यात दर शनिवारी आमचे प्रयोगशाळा परिचर कोंडीबा पाटोळे काचेची भांडी एकशे साठ अंशांवर निर्जंतुक करत. पण गौरी-गणपतीसाठी ते सोमवारपर्यंत रजेवर होते. शनिवारी सकाळी मी कॅसेट खालच्या फळीवर ठेवली, काटा पंचेचाळीसवर लावला आणि घरी गेले.

मी प्रत्येक गोष्टीला लेबल लावते. घरी मिठाच्या बरणीलाही. त्या दिवशी भट्टीच्या दाराला लावलं नाही. कॉलेजच्या भट्टीत माझी खाजगी, तीही गाण्याची कॅसेट आहे, हे कुणी वाचू नये म्हणून.

कोंडीबा रजा संपायच्या आधीच परतले. शनिवार होता, काम साठलं होतं. त्यांनी वरच्या फळीवर भांडी लावली आणि काटा एकशे साठवर नेला. त्यांची काही चूक नव्हती.

तेव्हाच सांगितलं असतं तर फार काही झालं नसतं. ऑल्विनकडे उतरवलेली प्रत होती, सरांकडेही होती. बाकीच्यांना थोडं पुसट चित्र मिळालं असतं आणि मला चार टोमणे. पण बुरशीचं पत्र पाठवणारी मी, आणि माझ्याच भट्टीत... ऑल्विनने फोनवर विचारलं तेव्हा "अजून नाही" असं तोंडातून गेलं. दोन दिवस मिळाले तर काहीतरी सुचेल, असं वाटलं. पुढच्या फोनला त्यातला 'अजून' गळला. त्यानंतर मी दर महिन्याला ठरवत होते की या महिन्यात सांगायचं. असे अडतीस महिने गेले.

आणि आता सर समोर बसून मला नेवरी खायला लावत होते.

"कशी मिळवलीत ही?" मी विचारलं.

"पत्रं लिहून. ज्या माणसाने गेंटला बाल्कनीत बसून चित्रण केलं, त्याचा पत्ता शोधायला एक वर्ष. त्याला माझं इंग्रजी समजायला दुसरं वर्ष." ते हसले. "शेवटी मी लिहिणं सोडलं आणि चित्रं काढून पाठवली. एक म्हातारा, एक पोस्टाची पेटी, मधे एक मोठं प्रश्नचिन्ह. पंधरा दिवसांत उत्तर आलं. त्याने स्वतःच्या मुळावरून उतरवून दिलीय. म्हणजे आपली जी हरवली तिच्यापेक्षा ही एक पायरी वर."

"एवढी खटपट कशाला केलीत, सर? तुमच्याकडे गेंट होतीच की."

"माझ्याकडे आहे हो. तुमच्याकडे नाही ना! तुमची पाळी माझ्यामुळे चुकली." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. जाड सुतळीने ती गुंडीला बांधलेली होती. "आता एक काम करा. इथे लिहून द्या. गेंटची कॅसेट दत्तप्रसाद नाबर यांच्याकडून हातोहात मिळाली. तारीख, वेळ, सही."

"सही कशाला?"

"ऑल्विनला दाखवायला नाही. मला दाखवायला."

मला समजलं नाही. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. त्या सुबक अक्षरात, ओळीखाली ओळ, लिहिलेलं होतं : सकाळी गोळी घेतली. गॅस बंद केला, दोनदा पाहिला. कुलूप लावलं. बस ६.१०, खिडकीची जागा. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण.

"झालं काय," ते वहीकडे बघत म्हणाले, "मी ती कॅसेट टाकली हे मला स्पष्ट आठवत होतं. पोस्टाच्या बाहेर नारळ विकायला बसलेली बाई, तिची हिरवी छत्री, सगळं. पण सगळेच म्हणायला लागले, पोचली नाही. महिना गेला, दोन गेले. मग मला वाटायला लागलं, छत्री दुसऱ्या दिवशीची तर नव्हे? मी नुसतं टाकायचं ठरवलं आणि टाकलीच नाही? सगळं घर उचकलं. माळा, ट्रंका. तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला, म्हणजे बघा! लेकीने विचारलं, बाबा, काय शोधताय? सांगितल्यावर तिचा चेहरा असा झाला की काय सांगू. माझे वडील शेवटची पाच वर्षं आम्हाला ओळखत नव्हते. ती तेव्हा लहान होती, पण तिने पाहिलंय."

"मग?"

"मग काय? डॉक्टर. शंभरातून सात सात वजा करा, आज वार कोणता, घड्याळ काढून दाखवा. मी चित्रकलेचा शिक्षक, घड्याळ असं काढलं की डॉक्टर ते ठेवून घेतो म्हणाला." ते पुन्हा हसले, पण या वेळी हसू लवकर संपलं. "तो म्हणाला, काही नाही. पण एकदा मनात आलं की आलं. लेक मला एकट्याला गॅस पेटवू देत नाही. ब्रश सोडला, कारण हात थरथरला की वाटतं, ही सुरुवात. आणि टपाल बंद. आठवड्याला दोन-तीन पाकिटं यायची माझी. आमचा पोस्टमन एक दिवस सायकल थांबवून विचारतो, सर, तब्येत बरी ना?"

मी नेवरी डब्यात परत ठेवली.

"म्हणून ही सही," ते म्हणाले. "यादीत घेवोत, न घेवोत. पण ही कॅसेट मी तुम्हाला दिली, हे कागदावर असलं म्हणजे निदान ही तरी माझ्या डोक्यातली गोष्ट नाही, एवढं मला रात्री कळेल."

मी लिहून दिलं. तारीख, वेळ दोन वाजून पाच मिनिटं, सही. त्यांनी ते दोनदा वाचलं, पुढे खूण केली आणि वही खिशात ठेवली.

सांगण्याची वेळ तीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बघू या का थोडी?"

वर्गात फिल्म दाखवायला विभागाचा टीव्ही आणि यंत्र होतं. गेंटचा रंगमंच दिसला. तीन वर्षं ज्याचं नाव ऐकलं की माझे कान तापत, ते मी पहिल्यांदाच पाहत होते. चित्र इतकं स्पष्ट होतं की ऑर्गन वाजवणाऱ्याच्या डाव्या हातावरची घड्याळाची पांढरी खूण दिसत होती. घड्याळ काढून ठेवून तो वाजवायला बसला होता.

"आता बघा," सर पुढे वाकले. "आता हा चुकणार. चुकला! आणि ड्रमवाला बघतोय त्याच्याकडे. बघा कसा हसतो! चुकल्याचं त्याच्याशिवाय कुणालाच कळलं नाहीये. आता मुद्दाम तीच चूक तोही करतो, साथीला. ऐकलंत?"

मी ऐकलं. सर खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरत होते. हात थरथरत नव्हता.

गाणं संपल्यावर त्यांनी यंत्र थांबवलं. "आता ऑल्विनला फोन लावा. नुसतं सांगा, पोचली. बाकी काही बोलू नका."

मोह झाला, हे मी लपवणार नाही. एक शब्द बोलायचा होता आणि तो खराही होता. कॅसेट पोचली होती. माझ्याजवळ मुळापेक्षा चांगली प्रत होती, सरांच्या खिशात सही होती, वेल पुढे सरकणार होती. अडतीस महिन्यांचं ओझं कुणाच्या लक्षात न येता आपोआप उतरत होतं. मी विभागाच्या फोनवरून वसईचा नंबर फिरवला.

"बोला डॉक्टर!" ऑल्विनचा आवाज नेहमीच एवढा मोठा असे की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागे. "हॅपी दिवाळी! जंतू काय म्हणतात?"

"ठीक आहेत. ऑल्विन, गेंटची कॅसेट पोचली."



"कुठली गेंट?"

"गेंट एक्क्याऐंशी. नाबर सर स्वतः घेऊन आलेत. इथेच बसलेत."

"काय सांगता!" तो जोरात हसला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? म्हातारा दाबून बसला होता! तीन वर्षं! आणि आम्हाला काय सांगतो, पोस्टात टाकली, शनिवार होता, गणपती होते. तुम्हीच म्हणायचात, सर तसे नाहीत, सर तसे नाहीत. आता टोचलं असेल मन, म्हणून आला परत करायला."

"नाही, ही दुसरी आहे. त्यांनी बेल्जियमहून—"

"अरे हो, बेल्जियम! मॅडम, तुम्ही फार साध्या आहात. मला अख्ख्या गल्फमधून दुसरी मिळाली नाही, त्याला सावंतवाडीत बसून मिळाली? नाहीतर मग खरंच विसरला असेल. घरातच ठेवून विसरला आणि आता सापडली असेल ट्रंकेत. वय झालं की होतं तसं. माझी आई चष्मा फ्रिजमध्ये ठेवते."

प्रयोगशाळेत दुसरा आवाजच नव्हता. शब्द न् शब्द ऐकू जात होता. सरांच्या चेहऱ्यावर फोन लावताना आलेलं हसू तसंच होतं, कारण ते कसं काढायचं हे त्यांना सुचलं नव्हतं. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. वही काढली, पान उघडलं, माझी सही वाचली. मग पुन्हा वाचली. मग कॅसेटकडे पाहिलं, जणू ती बेल्जियमहून आली की माळ्यावरून, हे तिला विचारावं.

मी रिसीव्हर डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने टेबलाच्या खालच्या खणाला किल्ली लावून तो ओढला. ती किल्ली फक्त माझ्याकडे असे. आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतली वस्तू सरांसमोर ठेवली.

ती तळहाताएवढी काळी ढेप होती. मधोमध खचलेली, कडा ओघळून थिजलेल्या. एका बाजूला चिकटलेल्या कागदाची तपकिरी पट्टी शिल्लक होती आणि त्यावर, नीट पाहिलं तर, कंदिलाचा आकार. रंग जळला होता, पण एका केसाच्या ब्रशची रेघ होती तशी होती. खाली माझं लेबल, माझ्या नावासकट : गेंट ८१, मूळ प्रत. शिक्का सावंतवाडी ११-९-९९. प्राप्त १६-९-९९. १६० अंश, दोन तास. चूक : सु. बावडेकर.

सर वाकले. कंदिलावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग लेबल वाचलं. शाळेतल्या मुलाची वही तपासावी तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून. अकरा नऊ नव्याण्णववर बोट थांबलं.

"हिरवी छत्री," ते पुटपुटले.

मी मान हलवली.

"म्हणजे माका सगळा बरोबर आठवत होता." सावंतवाडीची बोली त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून इतका लांब श्वास सोडला की समोरचा टिपकागद हलला. रागाचा शब्द येईल म्हणून मी थांबले होते. तो आला नाही, निदान त्या वेळी तरी. त्यांनी खिशातल्या वहीची सुतळी गुंडीवरून सोडवली आणि वही टेबलावर, ढेपेच्या शेजारी, पालथी ठेवली.

"डॉक्टर? आहात ना लायनीवर?" फोन ओरडला. "म्हाताऱ्याला सांगा, मी रागावलो नाही. होतं असं."

मी रिसीव्हर कानाला लावला. बावीस वर्षं झाली, पण पुढचं वाक्य उच्चारताना खांदे कसे अलगद खाली आले, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"ऑल्विन, सरांनी कॅसेट त्याच शनिवारी टाकली होती आणि ती मला गुरुवारी मिळाली. मी ती भट्टीत जाळली आणि तुमच्याशी खोटं बोलले. यादीतून माझं नाव काढा, आणि सरांचं परत लिहा. आत्ता लिहा, मी फोन धरून आहे."